योसेफाच्या सणाचे दोन कोयते

वार्निश सुकवायच्या पेटीत शंकरपाळी भाजता येत नाही. हे ज्ञान मला पन्नाशी उलटल्यावर झालं आणि त्यापायी परातभर पीठ वाया गेलं. केजला माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या मोटारी जळून येतात; जुनी तार उपसून काढायची, नवी गुंडाळायची, वरून वार्निश सोडायचं आणि पत्र्याच्या पेटीत मोठाले बल्ब लावून मोटार सुकत ठेवायची, हा माझा धंदा. सणाचा खाऊ करायला जमणाऱ्या पोरांच्या घोळक्यात उकळतं तेल नको म्हणून मी डोकं चालवलं. जी पेटी पाच हॉर्सपॉवरची मोटार सुकवते, तिला शंकरपाळी काय जड? पेटी आतून पुसली, ताटल्यांत तुकडे मांडले, बल्ब लावले. रंग इतका सुरेख आला की मी फोटो काढून बायकोला पाठवला. मग एक तुकडा तोंडात टाकला. जीभ पार बधिर झाली. उरलेला दारातल्या कुत्र्यापुढे टाकला. हे कुत्रं एकदा माझा ग्रीसचा पाना चाटून साफ करून गेलेलं. त्यानं तुकडा हुंगला, माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं आणि चहाच्या टपरीपाशी जाऊन बसलं.

यंदाचा मार्चही आता अर्धा सरला. दुकानाच्या पत्र्यावर लिंबाची पिवळी पानं दिवसभर गळत असतात, त्यांचा आवाज होत नाही, पण संध्याकाळी झाडू मारताना टोपलंभर निघतात. विहिरींचं पाणी खाली गेलं की मोटारी कोरड्या फिरतात आणि जळतात, म्हणून आमचा हंगाम हाच. याच दिवसांत रस्त्यावरून ऊसतोडीच्या टोळ्या परतायला लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाजा, हंडे, गोधड्या, पाय बांधलेली शेळी, आणि या सगळ्याच्या टोकावर कुणीतरी गाढ झोपलेलं. अशी ट्रॉली दुकानावरून गेली की माझ्या हातातली तार जरा सैल पडते. तो एक मार्च आठवतो, घरात मी एकटा होतो तो.

बायको माझी मार्था. आमच्या भागात कॅथलिक घरं मोजकीच. चर्च म्हणजे पत्र्याची एक लांब खोली, आणि फादर येतात ते जिल्ह्याच्या गावाहून मोटारसायकलवर. आल्या आल्या हेल्मेट काढून पाणी मागतात आणि मगच आशीर्वाद देतात. दर रविवारी मार्था तिथं पोरांना धर्मशिक्षण शिकवते. वर्षातले बाकीचे सण कुणाकुणाचे असतील, पण एकोणीस मार्चचा संत योसेफाचा सण तिचा. योसेफ म्हणजे येशूचा पाळक पिता, धंद्यानं सुतार. त्याचा सण नेमका उपवासकाळाच्या मधोमध येतो. एरवी त्या चाळीस दिवसांत पोरांनी काही ना काही गोड सोडलेलं असतं, त्या एका दिवशी सूट मिळते. त्यामुळे पोरांना तो नाताळाच्या खालोखाल प्यारा. मला हा संत जवळचा वाटतो त्याचं कारण वेगळं. सबंध शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. नाताळात गव्हाणी मांडताना पोरं त्याला गाढवाच्या मागं कुठंतरी उभा करतात आणि तोही बिचारा तिथं उभा राहतो. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला याहून चांगला आश्रयदाता कोणता मिळायचा?

सणाला मार्था पोरांकडून खाऊ करून घ्यायची. शंकरपाळीच्या पिठाची करवत, पटाशी, हातोडी. ताटात भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट पसरला की झाला लाकडाचा भुसा, खोबरं लांब लांब किसून टाकलं की झाल्या रंध्याच्या साली. मग एका वर्षी आमची लेक नीलिमा अडून बसली. तेव्हा ती तिसरी-चौथीत असेल. माझे बाबा काही सुतार नाहीत, मी करवत करणार नाही, म्हणाली. तिनं पिठाची लांब वळी केली आणि गोल गोल गुंडाळून मोटारीची कॉईल बनवली. तळल्यावर ती हुबेहूब चकली दिसत होती. मी तेव्हा हसलो होतो. पण मार्थाला ते फार आवडलं आणि तेव्हापासून रीतच पडली. ज्यानं त्यानं आपापल्या बापाचं हत्यार करायचं, मिस्सा, म्हणजे चर्चमधली सणाची प्रार्थना, झाल्यावर फादरनी ताटांना आशीर्वाद दिला की आपल्या हातानं बापाला भरवायचं, आणि बापानं तेवढा वेळ एक शब्द बोलायचा नाही. योसेफ जन्मभर गप्प राहिला, तुमाला घासभर गप्प राहता येत न्हाई का, असं तिचं म्हणणं.

या रितीनं आम्हाला काय काय खायला घातलं! जीपवाल्याच्या पोरानं स्टेअरिंग केलं. शेजारचे साळवे तहसीलमध्ये नोकरीला. ते बौद्ध, पण पिठाचा घाणा निघाला की त्यांची दोन्ही पोरं आमच्या अंगणात हजर. त्यांनी बापासाठी रबरी शिक्का केला आणि साळवे साहेबांनी तो मोठ्या गांभीर्यानं, दोन्ही बाजूंनी तपासून खाल्ला. किराणावाल्या अप्पांच्या नातवानं तराजू केला; त्याचं एक पारडं तळताना गळून पडलं, तर अप्पा म्हणाले, असू द्या, मापात फरक पडतोच. एका पोरानं मोबाईल केला. मार्थानं विचारलं, तुझे वडील मोबाईल दुरुस्त करतात का रे? पोरगं म्हणालं, न्हाई, बघतेत.

मी एकटा राहिलो त्या वर्षी नीलिमाचं बाळंतपण होतं. मार्था फेब्रुवारीतच पुण्याला गेली. मी का गेलो नाही, असं लोक विचारायचे. मार्चमध्ये मोटारी जळतात, मी सांगायचो. उत्तर खरं होतं आणि पाठ झालं होतं. नातू झाल्याचं मला दुकानात कळलं, फोनवर. व्हिडिओ लावला तर मार्थानं फोन असा धरलेला की मला बराच वेळ दवाखान्याचा पंखाच दिसत होता. मी त्या पंख्याकडे बघून म्हणालो, नाक माझ्यावर गेलंय.

एकट्या माणसाचं घर कसं असतं, हे मी तेव्हा शिकलो. कुकरमध्ये एका माणसापुरता भात लावला तर तो करपतो आणि दोघांपुरता लावला तर उरतो. उरलेला सकाळी फोडणी घालून खायचा, तोही दोघांपुरता असतो. दुपारी भंगारवाल्याची गाडी यायची, तिच्या भोंग्यावर रेकॉर्ड लावलेली, जुनं लोखंड, जुना पत्रा, जुनी बॅटरी. मी दारात उभा राहून त्या भोंग्याला, आज काही नाही बाबा, असं उत्तर द्यायला लागलो होतो. गिऱ्हाईक मोटार घ्यायला आलं की ती का जळाली ते मी पूर्वी एका वाक्यात सांगायचो. त्या मार्चमध्ये मी व्होल्टेजपासून सुरुवात करायचो. चकलांब्याचा एक पाहुणा सासुरवाडीची मोटार न्यायला आलता, तो माझं ऐकता ऐकता दोन वेळा उठला आणि मी दोन्ही वेळा त्याला चहा सांगितला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, मामा, कळलं हो, आता जळू द्या तिला, पन मला जाऊ द्या.

मार्थानं फोनवर सांगितलं, या वर्षी सण राहू द्या, तुमाला जमायचं न्हाई. मला जमायचं नाही असं ती म्हणाली नसती तर कदाचित मीही राहू दिलं असतं.

पेटीचा प्रयोग फसल्यावर मी निमूट तेल आणलं. तूप, साखर, दूध वाटीनं मोजलं, मार्था फोनवर ऐकत होती आणि मधेच विचारत होती, वाटी कोंची घेतली? निळ्या काठाची घ्या, दुसरी मोठी हाय. दुकानामागच्या अंगणात पोतं अंथरलं, पोळपाट मांडले. पोरं आली. तेलाची कढई मी कुंपणाशी वेगळी ठेवली आणि स्वतः तिच्यापुढे बसलो. पोरांनी पीठ मळण्यापेक्षा लाटण्याची गाडी करण्यातच वेळ घालवला. मी तळायला घेतलं, तर सोडा जरा सढळ पडलेला, हातोड्या फुगून बेडकं झाली. साळव्यांचा धाकटा फुगलेला शिक्का बघून रडायच्या बेतात आला. मी त्याला सांगितलं, साहेबांचं प्रमोशन होणार, शिक्का मोठा आलाय.

त्या पोरांत कोमल होती. नऊ-दहा वर्षांची, दोन वेण्या, बोलणं बेताचं. तिचे आईबाप दरसाल दिवाळीनंतर टोळीबरोबर कारखान्याकडे जायचे, पार खाली कोल्हापूरच्या अंगाला. कोमल आणि तिची शाळा मागं राहायची, आत्याच्या घरी. इतर साली सणापर्यंत कारखान्याचा पट्टा पडलेला असायचा, म्हणजे गाळप संपून तोड बंद झालेली असायची, आणि तिचे वडील, बापू, चर्चच्या रांगेत उभे असायचे. त्या साली ऊस अफाट. पट्टा कधी पडेल ते टोळी नेणाऱ्या खुद्द मुकादमालाही सांगता येत नव्हतं.

कोमलनं पिठाचा कोयता कापला. पातं रुंद, टोकाला जरासा बाक. मी म्हटलं, छान झालाय, सोड तेलात. ती हलली नाही. दुसरा गोळा घेऊन तिनं आणखी एक कोयता लाटायला घेतला. आता टोळीचा हिशोब मलाही ठाऊक होता. तिथं नवराबायको मिळून एक कोयता धरतात. कुणाकडे किती जोड्या विचारायचं तर किती कोयते असं विचारतात. मी आपलं शहाणपण पाजळलं. म्हटलं, अगं, दोघांचा मिळून एकच असतो ना?

"मुकादम एक धरतो," ती खाली मान घालूनच म्हणाली. "हातात दोन असतेत."

मी कढईकडे वळलो. रीत बापाच्या हत्याराची होती. आईचं हत्यार आजवर कुणी केलं नव्हतं, आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, रीत पाडणाऱ्या मार्थाच्याही नाही.

दुसरा कोयता पहिल्याहून जरा लहान होता. आईच्या कोयत्याच्या मुठीला चिंधी गुंडाळलेली असते, हाताला फोड येतात म्हणून, असं कोमल सांगत होती. ती चिंधी तिला दाखवायची होती. पिठाची बारीक दोरी करून ती मुठीभोवती गुंडाळत होती आणि दोरी तुटत होती. इथं मात्र मी पुढे सरकलो. सबंध आयुष्यात एवढंच तर आलंय मला. तिला दाखवलं, वेढ्याला वेढा चिकटून बसला पाहिजे, मधे फट नको, ओढायचं नाही, नुसतं फिरवायचं. तिनं फिरवलं. मूठ अशी बसली की मला माझ्या दुकानात तिला लावून घ्यावंसं वाटलं.

सणाच्या दिवशी फादर आले, पाणी प्याले, मिस्सा झाली. ताटांवर कूट आणि खोबरं पसरलेलं, वर एकेकाची हत्यारं. बाप लोक रांगेनं उभे राहिले. एरवी मिशीला पीळ देणारी माणसं, डोळे मिटून तोंडं उघडून उभी, पाखराच्या पिलांसारखी. मी फोटो काढत होतो. फोटो काढणाऱ्याला कुणी विचारत नाही की तू का उभा नाहीस. कोमलच्या आत्याला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं कोमलला मला भरवायला सांगितलं. मामांची लेक बी लांब हाय, तुजे बापू बी लांब, दे मामांना घास, सन गोड होईल. मी लगेच फोन खिशात घातला. तोंडही थोडं उघडलं असेल.

कोमलनं ताट मागं घेतलं. "हे त्यांचं न्हाई," ती म्हणाली.

सगळे हसले, मीही हसलो. तिचं काही चुकलं नव्हतं. तरी त्या दिवशी मी घरी आलो तेव्हा तोंडाची चव गेलेली होती आणि कारण पेटीचं नव्हतं.

संध्याकाळी ती दुकानाच्या पायरीशी उभी. रुमालात दोन्ही कोयते. आत्याकडे लहान भावंडं होती, तिथं ते टिकले नसते. तुमच्या घरी कुणी न्हाई ना, ती म्हणाली. म्हणजे खाणारं कुणी नाही. मी म्हटलं, नाही बाई, कुणी नाही. स्टीलच्या डब्यात कागद अंथरून आम्ही कोयते शेजारी शेजारी ठेवले. मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या परातीत ठेवला. तिनं मला बजावलं की फोनवर बापूंना सांगायचं नाही. ती स्वतःच्या हातानं भरवणार होती, दोघांना, आणि त्यांना आधी काहीही कळता कामा नये.

मग ती रोज यायला लागली. शाळा सुटली की दप्तरासकट. डबा उघडायचा, बघायचं, वास घ्यायचा, झाकण लावायचं. एवढंच काम, पण त्यासाठी ती पायरीवर जरा बसायची. मी तार गुंडाळायचो, ती वेढे मोजायची, तिचा आकडा चुकायचा आणि माझाही चुकवायची. कधी मी माझ्या फोनवरून तिच्या बापूंना फोन लावून द्यायचो. उसाच्या फडात रेंज नसायची. लागला तर वाऱ्याचा आवाज आणि त्यात बापूंचा. पट्टा पडंना बाई, ते म्हणायचे. अभ्यास करती का? ती हूं म्हणायची. डब्याकडे बघायची, पण बोलायची नाही. मी मनात म्हणायचो, हिला योसेफाची गादी द्यायला हवी.

मला मात्र वेगळीच धास्ती लागली. कोयते टिकणार किती दिवस? मार्थाला विचारलं. ती म्हणाली, मोहन नीट पडलं असंल तर म्हैनाभर काही होत न्हाई. तुमी केलंय म्हनल्यावर सांगता येत न्हाई. तेव्हा मी एक व्यवस्था केली. सणातली बेडकं, मोडकी स्टेअरिंगं, अप्पांच्या तराजूची दांडी असा उरलेला माल माझ्याकडे होता. तो मी दुसऱ्या डब्यात ठेवला आणि रोज त्यातला एक तुकडा खाऊन बघायला लागलो. हा चांगला तर कोयते चांगले. सकाळी चहाबरोबर अहवाल तयार. एकट्या माणसाला सकाळी उठायला कारण लागतं, माझं कारण हे होतं, शिळी हातोडी.

ऊन वाढत गेलं. पळस फुलून गेला, शाळेच्या परीक्षा तोंडावर आल्या. ऊस काही संपेना. आणि एके सकाळी तुकडा तोंडात टाकला तर तेलाचा जुनाट वास आला. खवट. दुसरा खाल्ला, तोही तसाच. मी दुपारपर्यंत काम केलं नाही. मग पीठ काढलं, नवं मळलं, दोन कोयते कापले. कुणाला काय कळणार होतं? पण ताटलीत ते तिच्या कोयत्यांशेजारी ठेवून बघितले आणि तिथंच थांबलो. तिच्या कोयत्याच्या पात्यावर तिच्या बोटांचे ठसे होते, लहान लहान खळगे, तळल्यानंतरही राहिलेले. माझे कोयते गुळगुळीत. मी त्यांच्या पुऱ्या लाटून टाकल्या.

ती आल्यावर सांगितलं, कोमल, वास बदलायला लागलाय गं. तिनं डबा नाकाशी नेला. बराच वेळ धरला. मला वाटलं, आता ही रडणार आणि मला रडक्या पोरांपुढे काही सुचत नाही.

"आमचे बापू काई बी खातेत," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आई न्हाई खात."

त्या दिवसापासून ती आली की आधी विचारायची, आज फोन लागला का? आणि मी, खरं सांगायचं तर, दोन्ही बाजूंनी ओढला जात होतो. पट्टा पडावा, पोरीचे कोयते खाण्याजोगे आहेत तोवर पडावा, असं सकाळी वाटायचं. संध्याकाळी ती दप्तर उचलून निघाली की वाटायचं, राहू दे की अजून थोडा ऊस उभा.

आले ते भर दुपारी. ट्रॅक्टर दुकानासमोर थांबला, पाणी प्यायला. ट्रॉलीवरून बापू उतरले. माणूस उसाच्या पाचटासारखा वाळलेला, मानेवर कातडी सोललेली. मागून आई, डोक्यावर पदर घट्ट, पायात दोन वेगवेगळ्या चपला. मी त्यांना बसवून घेतलं, पाणी दिलं, आणि घरी पोचतोच की असं ते म्हणत असताना टपरीवरच्या माणसाला कोमलला आणायला शाळेत पिटाळलं. तोवर त्यांना थांबवायला काय निमित्त सांगू कळेना, म्हणून मी बापूंना व्होल्टेज समजावून सांगायला लागलो. ते बिचारे ऐकत राहिले.

कोमल पळत आली. आईबापाकडे बघितलं देखील नाही, सरळ आत गेली, परातीतून डबा उचलला. आई उठून तिच्याकडे निघाली तर तिनं हातानंच थांबवलं. आधी बापू. त्यांना रीत माहीत होती. हात धुतो की आधी, एवढं पुटपुटून त्यांनी तोंड उघडलं. तिनं पात्याचा तुकडा मोडून घातला. बापू चावत राहिले. खवटपणा त्यांच्या जिभेला कळला असणार, कारण त्यांचे डोळे क्षणभर माझ्याकडे आले, आणि मी पान्यांच्या पेटीत काहीतरी शोधायला लागलो. पण ते बोलले नाहीत. तुकडा संपला, त्यांनी पुन्हा तोंड उघडलं.

मग तिनं दुसरा कोयता काढला आणि आईपुढे धरला.

आईला काही कळेना. तिनं नवऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. असल्या रांगेत ती कधी उभी राहिलेली नव्हती. कोयता हातात घेतला तेव्हा मुठीवरच्या त्या वेढ्यांवरून तिचा अंगठा फिरला, एकदा, दोनदा. तिच्या स्वतःच्या अंगठ्यालाही चिंधी होती.

"माजा बी केला?" ती म्हणाली.

कोमलनं तिला बोटानं गप्प राहायची खूण केली आणि घास भरवला. आईनं खाल्लं. मूठ तेवढी तिनं खाल्ली नाही, पदराच्या टोकात बांधली. ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला तशी तिघंही ट्रॉलीवर चढली आणि शेळीशेजारी बसून निघून गेली. कोमल बापूंच्या मांडीवर मान टाकून आईशी काहीतरी बोलत होती. इतकं बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

डबा पायरीवर राहिला. मी तो धुऊन ठेवला. शाळा सुटायची वेळ झाली की मान आपोआप रस्त्याकडे वळायची. पहिले काही दिवस वाटलं, आईबाप नवे आलेत, रमली असेल, येईल. पुढं सुट्या लागल्या. तार गुंडाळताना माझे वेढे आता बरोबर मोजले जात होते. सकाळी चहाबरोबर खायला काही नव्हतं. ओढ्यापलीकडे त्यांचं घर, दुकानातून सरळ दिसतं. हंगामभर तिथं कुलूप होतं. आता दार उघडं असायचं, दोरीवर कपडे, संध्याकाळी चुलीचा धूर. मी दिवे लावताना तिकडे एकदा बघायचो आणि आत जाऊन दोघांपुरता भात लावायचो.

मार्था मेच्या आरंभी आली. बॅगेतून नातवाची जुनी टोपडी, डिंकाच्या लाडवांचा डबा, माझ्यासाठी दोन बनियन असं काढता काढता ती माझं सगळं ऐकत होती. मी पेटीपासून सांगितलं. चिंधीची मूठ सांगितली. तिनं ते ऐकून टोपड्याची घडी बाजूला ठेवली आणि पुढच्या वर्षीपासनं आयांना बी रांगेत घ्यायचं, असं जाहीर केलं. आणि मग मी माझं गाऱ्हाणं काढलं. म्हटलं, पोरगी एवढी रोज यायची, पायरी सोडायची नाही, आणि आईबाप आल्यापासून एकदा फिरकली नाही. माणसं अशीच असतात म्हणायचं.

तिनं विचारलं, घर कुठं हाय त्यांचं? मी दारातून हात केला, ते बघ, ओढ्यापलीकडं, पत्र्याला निळा रंग दिलाय ते.

मार्था दारात आली. डोळ्यांवर हात धरून तिनं त्या घराकडे पाहिलं, मग माझ्या स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हितनं ते घर दिसतंय, म्हंजी तिथनं तुमी बी तिला दिसत असताल, रोज, हितं बसलेले," ती म्हणाली. "तिच्या घरी आता माणसं हायेत. ती कावून येईल? जायचं तुमचं होतं."